खालच्या मजल्याची तक्रार

तो भांडायला आला होता आणि आम्ही टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं. आमच्या गोष्टीची सुरुवातच अशी आहे, त्याला मी तरी काय करू?

रविवारची सकाळ होती. आमची चर्चची मंडळी भरते ती एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली बेकरी, शेजारी सायकल दुरुस्ती, समोर न्हाव्याचं दुकान, आणि मधल्या रस्त्यावर दिवसभर कोणी ना कोणी कोणाला तरी हाका मारत असतं. हॉलच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. बाबा मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. आई मंडळीचं बाकी सगळं. आणि मी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना ‘हे अक्षर दिसतंय का?’ विचारणारी आणि रविवारी कीबोर्ड वाजवणारी. वाजवताना डाव्या टाचेने ठेका धरायची मला लहानपणापासूनची सवय. आमच्या गाणाऱ्यांच्या क्वायरमधल्या शिलाईवाल्या मावशी म्हणतात, ती टाच नसती तर आम्ही सगळे चार दिशांना गेलो असतो.

दुसरं गीत चालू असताना मागचं दार धाडकन उघडलं. दारात एक तरुण. केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली, कानामागे पिठाचा पांढरा पट्टा, आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला. भुवया अशा जुळलेल्या की मी पुढचा सूरच चुकले.

बाबांनी मात्र दोन्ही हात पसरले. व्यासपीठावर चढताना ते लांबचा चष्मा काढून ठेवतात, म्हणजे जांभया देणारे चेहरे दिसत नाहीत. त्यामुळे संतापलेला माणूस आणि तहानलेला जीव त्यांना लांबून सारखेच दिसतात.

“या, या! आज आपल्यात नवीन कोणीतरी आलंय. आपली ओळख द्या ना.”

“मी…” त्याने सगळीकडे पाहिलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळलेल्या. “मी खाली राहतो.”

झालं! खालच्यांनीही उपासनेला यावं म्हणून आई कित्येक महिने प्रत्येक प्रार्थनेत न चुकता खालच्या मजल्याचं नाव घेत होती. ती “हालेलूया!” म्हणून ओरडली, आणि मंडळीने स्वागतगीत सुरू केलं. आमच्याकडे नवीन माणसाशी सगळे हात मिळवतात. गाणं संपेपर्यंत त्याचा उजवा हात पार हलून गेला होता. माझी पाळी आली तेव्हा त्याने माझ्या हाताकडे नाही, पायाकडे पाहिलं.

“तुम्हीच का त्या?” तो म्हणाला.

“कोण त्या?”

“काही नाही… राहू दे.”

उपासना झाल्यावर आईने त्याला चहा आणि बिस्किटं दिली. त्याने एक बिस्किट बोटांत धरून दाबून पाहिलं.

“ही आमचीच आहेत,” तो मला हळूच म्हणाला. “मऊ पडलीत. डबा नीट लागत नाही तुमचा.”

“पहिल्याच दिवशी तक्रार?”

“तक्रार…” तो हसायला लागला. का हसतोय ते मला कळलं नाही, पण हसताना गालावरची ती घडी मोडली आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी तो परत आला. केस विंचरलेले, चपला एका जोडाच्या. शेवटच्या रांगेत बसायचा, गाताना नुसते ओठ हलवायचा. गल्लीत त्याला सगळे पाववाला म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. आई प्रभुभोजनात सगळ्यांना वाटायला दुकानातल्या पावाचे चौकोनी तुकडे करायची. त्याने ते एकदा पाहिलं असावं. पुढच्या वेळी मेजावर पावाची एक अखंड, गोल, उबदार भाकर होती, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. कोणी ठेवली ते त्याने सांगितलं नाही, पण फडक्याला बेकरीचा वास होता.

एका संध्याकाळी मी दुकानातून परतताना पाव घ्यायला थांबले.

“तुम्ही गात का नाही?” मी पाववाल्याला विचारलं.

“आई होती तोवर गायचो. तिच्याबरोबर चर्चला जायचो. ती गेली, मग रात्रीची भट्टी गळ्यात पडली. सकाळी डोळे उघडेनात.” त्याने पाव कागदात बांधला, पण दिला नाही. “खरं सांगू? रागवाल.”

“सांगा तर.”

“मी त्या दिवशी भांडायला आलो होतो.”

“काय?”

“माझी खाट बरोबर तुमच्या कीबोर्डखाली आहे. नुकता डोळा लागतो आणि वरून ठक ठक! रविवारी एक वेळ समजू शकतो, पण बुधवारी सकाळी तालीम, शनिवारी सकाळी तालीम… जिना चढताना शब्द न् शब्द पाठ केला होता मी. आणि तुमच्या बाबांनी हात पसरले.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “सांगायचं ना मग!”

“कसं सांगणार? तुमच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं.”

बुधवारी तालमीच्या आधी मी घरातली जाड सतरंजी चौघडी करून पायाखाली घातली. टाच पडली, पण आवाज झाला नाही. क्वायर तिसऱ्या ओळीला फुटली. शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या, “अगं, तुझा पाय कुठे गेला?” मी म्हटलं, सवय करा.

शनिवारी तो जिन्यात उभा. “तालीम बंद केली का?”

“नाही. सतरंजी घातली.”

“कोणी सांगितलं घालायला?”

“तुम्हीच की!”

“मी का आलो होतो ते सांगितलं. बंद कर असं कुठे म्हटलं तुला?” त्याच्या तोंडून ‘तुला’ निघून गेलं.

“झोपा आता निवांत,” मी म्हणाले आणि वर पळाले. तोंडाने जिंकले आणि काळीज मात्र जिन्यातच राहिलं.

बाबांच्या नजरेतून हे सुटलं असेल, पण आईच्या नाही. तिने बाबांना सांगितलं, आणि बाबांनी त्याला एकदा सरळच विचारलं, “पोरा, येतोस ते देवासाठी की कीबोर्डसाठी?”

“आधी कीबोर्डसाठीच यायचो,” तो म्हणाला म्हणे. “आता कीबोर्ड बंद असला तरी येईन.” बाबा त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले की मुलगा खोटं बोलत नाही.

आणि मग बाबांच्या बदलीचं पत्र आलं. पाळकाच्या घरात हे नवीन नाही. काही वर्षं झाली की वरून कळवतात, मग आपण भांडी बांधायची आणि दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मंडळीला ‘आपली मंडळी’ म्हणायला लागायचं. म्हणून मी प्रत्येक घरात एक खोका कधी उघडतच नाही. कशाला उघडायचा? पण या वेळी सामान बांधायला बसले, तर तो खोका रिकामा होता. त्यातली चादर, चित्रं, आजीचा आरसा, सगळं कधी बाहेर काढून लावलं ते मलाच आठवेना. मी तिथेच बसून रडले.

आई शेजारी येऊन कप कागदात गुंडाळत राहिली. “त्याला माहीत आहे ना आपण जातोय ते?”

“माहीत आहे. काहीच बोलला नाही तो.”

“आणि तू?”

“मी काय बोलू? मला त्याच्यावाचून जायचं नाही, असं बोलू?”

“एवढं स्पष्ट तर मी तुझ्या बाबांनाही बोलले नव्हते,” आई म्हणाली. “पण बोलायला हवं होतं. दोन वर्षं वाचली असती.”

मी बोलले नाही. बेकरीच्या दारापर्यंत गेले आणि पाव घेऊन परत आले. तो कागद बांधत होता, मी कागदाकडे पाहत होते. आमच्या घरात त्या आठवड्यात पाव संपता संपेना.

निरोपाच्या रविवारी हॉल गच्च भरला. न्हावी आला, सायकलवाला आला, कधी पायरी न चढलेले लोक आले. बाबांनी उपदेश लवकर आवरला आणि नेहमीसारखं विचारलं, “कोणाची काही प्रार्थनेची विनंती?”

आमच्याकडे हा रिवाज आहे. कोणीही उभं राहावं, सांगावं, आणि पाळकांनी त्यासाठी प्रार्थना करावी. कोणालाच नाही म्हणायचं नाही. गुडघेदुखी, परीक्षा, हरवलेलं मांजर, सगळं चालतं. त्या दिवशी शिलाईवाल्या मावशींनी आमच्या प्रवासासाठी विनंती केली आणि डोळ्यांना पदर लावला. त्या बसल्या, आणि शेवटच्या रांगेत पाववाला उभा राहिला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच उभा राहत होता.

“माझी… माझी एक तक्रार आहे,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी घेऊन आलो होतो, पण तुम्ही गाणं सुरू केलंत. राहूनच गेली.”

लोक हसले. तो हसला नाही.

“मी वरच्या टाचेमुळे झोप लागत नाही म्हणून भांडायला आलो होतो. मग तिने सतरंजी घातली. तेव्हापासून मी बुधवारी जागा, शनिवारी जागा. आवाज येतो का म्हणून छताकडे बघत पडतो. आता ती जाणार म्हणतात…” त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो सगळ्या हॉलला विसरला. “तू वर नसलीस तर मला झोप येणार नाही. मला तू हवी आहेस. इथे. लग्न करून. एवढीच विनंती आहे.”

बाबांनी खिशातून लांबचा चष्मा काढला, पुसला, लावला आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग माझ्याकडे.

“ही विनंती आहे की तक्रार?”

“दोन्ही,” तो म्हणाला.

“तक्रार खालच्या मजल्याची आहे,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत नव्हता. “तिचं उत्तर मी कसं देणार? बेटा… तू सांग.”

मला खूप काही बोलायचं होतं. रिकामा खोका, न संपलेला पाव, जिन्यातलं ते ‘तुला’. घशातून एवढंच निघालं, “मलाही इथेच राहायचंय. तुझ्याजवळ.”

“आमेन!” आई म्हणाली. प्रार्थना अजून सुरूही झाली नव्हती.

मावशी लगेच म्हणाल्या की लग्न होईपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील, मशीनशेजारी खाट आहे. बाबा म्हणाले, लग्न लावायला मी स्वतः परत येईन. मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आमच्यासाठी आणि खालच्या मजल्याच्या झोपेसाठीही.

शेवटचं गीत उरलं होतं. क्वायर माझ्याकडे बघत होती. मी पायाखालची सतरंजी अंगठ्याने बाजूला सरकवली आणि टाच आपटली.

शेवटच्या रांगेतून कोणीतरी गात होतं, जरा बेसूर, पण मोठ्याने.