बोटावरचा आकडा

मयेहून भाईचं पत्र आलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. 'यंदा चवथीला ये. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी तुझ्याच हातची शोभते. येतोस की नाही, एवढंच कळव.' कृष्णनाथांनी उत्तर लिहिलं. कोरडं वाटलं, फाडलं. दुसरं लाचार वाटलं, तेही फाडलं. पेडण्याच्या वाचनालयात उभी हयात पुस्तकांत गेली, पण भावाला दोन ओळी धड जमल्या नाहीत.

आता भाई म्हापशाच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात होते. म्हापशाची बस दारावरूनच जायची. पण उत्तर दिल्याशिवाय कोणत्या तोंडाने समोर उभं राहायचं?

साथीच्या दिवसांपासून कृष्णनाथ रोज चहाआधी ऑक्सिमीटर बोटाला लावत. आकडा नेहमी सत्त्याण्णव. सोमवारी चौऱ्याऐंशी दिसला. धाप नव्हती. त्यांनी सेल बदलले, मग शेजारच्या बाबाजीच्या बोटाला लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव.

"मीटर बरो आसा, मास्तर," बाबाजी हसला. "माणूसच जुनो जालो."

तेवढ्यात पुतणीचा, गौरवीचा फोन आला. "काका, बाबांचो ऑक्सिजन चौऱ्याऐंशीर इलो. आता तरी येवा."

मंगळवारी इथे ऐंशी. तिकडेही ऐंशी.

बुधवारी सकाळी डाव्या बोटाला मीटर ठेवूनच ते लिहायला बसले. 'ती. भाईस' पुढच्या चार ओळी खोट्या वाटल्या. सवयीने त्यांनी कागद फाडला.

एकाहत्तर.

फोन लगेच वाजला. "काका, एकदम एकाहत्तर!" गौरवी रडत होती.

त्यांनी नवा कागद घेतला. 'भाई, येतो. माटोळी मी बांधीन.' अक्षर वेडंवाकडं आलं. त्र्याऐंशी. घडी घातली. अठ्ठ्याऐंशी. पाकीट चिकटवलं.

एक्क्याण्णव.

पोस्टाच्या चढावर त्यांना दम लागला. पेटीपाशी ते थांबले, तोच फोन.

"काका, चौऱ्याण्णव! बाबा बोलले. तुमी खंय आसात?"

"पेडण्यात. पोस्टापाशी."



"बाबा खाटेच्या पायथ्याकडे बघून हसतत. म्हणतत, किस्नाक धाप लागल्या, त्याका स्टूल दी."

कृष्णनाथांनी खिशातला मीटर काढून बोटाला लावला. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेषा. दुसरं बोट. रेषाच.

पाकीट अजून हातात होतं. फाडायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यांनी ते पेटीत सोडलं.

मीटरचा लाल उजेड चालूच होता. बोट आत असूनही तो बोट शोधत होता.