आवाज डाव्या चाकाचा

नागेश्वरन देवळाच्या कोपऱ्यावर मोटार वळली आणि अशी काही किंचाळली, की गोदाच्या हातातली विड्याच्या पानांची जुडी रस्त्यावर पडली.

"काय मेली रडते! हिला कुणी तेल दाखवलंच नाही वाटतं," ती मराठीत पुटपुटली. भर बाजारात सगळे तमिळ बोलणारे... आपलं कुणाला कळतंय!

मोटार थांबली. चालवणाऱ्या तरुणानं मान बाहेर काढली.

"दाखवलं की! पण हिला दुखतंय कुठं, तेच सांगेना."

गोदाचे कान तापले. तो उतरला, वाकून एकेक पान गोळा केलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि जुडी तिच्या पुढं धरली. डोळ्यांत हसू होतं... अगदी थोडंसं, जपून ठेवल्यासारखं. गोदानं हात पुढं केला आणि तेवढ्यात गाडीतून हाक आली, "अक्का, तू?"

पंकजा! दारासुरमच्या मामांची एकुलती एक मुलगी. नवं रेशमी पातळ, केसांत मोगरा.

"हे चंद्रमौली," ती म्हणाली. "तंजावरचे, आपल्यातलेच मराठी. मद्रासला मोटारीचं काम शिकले, आता इथं वर्कशॉप काढलंय. आमच्या अप्पांनी गाडी यांच्याकडं दिलीय."

'यांच्याकडं' म्हणताना पंकजानं मान जराशी तिरकी केली. बस, तेवढंच... पण ते गोदाला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

गाडी कुठं वाजते ते दाखवायला म्हणून पंकजा रोज संध्याकाळी वर्कशॉपवर जाऊ लागली. एकटीनं जाणं बरं दिसत नाही, म्हणून मामींनी गोदाला गळ घातली. गोदा मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की ती मागच्या सीटवर येऊन बसायची. पुढं चंद्रमौली, शेजारी पंकजा. गाडी कावेरीच्या काठानं निघायची. वळण आलं की किर्रर्र... आणि पंकजाचं हसू.

"इथं काळं लागलंय तुम्हाला," म्हणत पंकजा आपला रुमाल पुढं करायची. गोदा खिडकीबाहेर बघायची. बघून तरी काय होणार? मामांच्या मनात चंद्रमौली भरला होता. दोन-चार दिवसांत ते त्याची पत्रिका मागवणार होते.

एका संध्याकाळी त्यानं गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी केली आणि जागच्या जागी चाकं वळवून पाहिली. तोच आवाज!

"उभ्या गाडीतही वाजतंय. म्हणजे ब्रेक नव्हे, बेअरिंगही नव्हे," तो म्हणाला. "चाक ज्या खिळीवर वळतं ती कोरडी पडलीय. डावी की उजवी, तेवढं कळायला हवं. गोदाबाई, तुम्ही खाली बसून ऐकाल? मी स्टिअरिंग फिरवतो."

गोदा चाकापाशी बसली. उजव्या खिळीवर तळवा ठेवला आणि आवाजाबरोबर तिच्या हाताला बारीक थरथर जाणवली. इथंच! ती सांगणार, तोच वरून पंकजाचं बोलणं ऐकू आलं, "मला शिकवाल ना चालवायला? अशीच... शेजारी बसून?"

गाडी बरी झाली की मागच्या सीटवर आपलं काय काम? "डावीकडून येतोय," गोदा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

त्यानं डावं चाक उघडलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. गाडी किंचाळत राहिली आणि पंकजा मात्र खूश! "बरं झालं अक्का, आणखी थोडे दिवस," ती कानात कुजबुजली. ते ऐकून गोदाला आपलं खोटं जास्तच टोचलं.

पुढच्या दिवशी पंकजा आईबरोबर तिरुविसनल्लूरला मठात गेली होती. गोदा शाळेतून सरळ वर्कशॉपवर आली, एकटीच.

"मी खोटं सांगितलं. आवाज उजवीकडचा आहे."

चंद्रमौली हात पुसत उभा राहिला. "ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग डाव्या चाकातच का खटपट करत राहिलात?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून..." तो थबकला. "गाडी बरी झाली असती, तर तुम्ही कशाला आला असता?"

गोदानं पदर कमरेला खोचला. तिच्या कानांत आता दुसरंच काहीतरी वाजत होतं.

दोघांनी मिळून गाडी जॅकवर उचलली. ग्रीस घालायचं छिद्र मातीनं पार बुजलं होतं. त्यानं तारेनं ते मोकळं केलं. गोदा स्टिअरिंग इकडून तिकडं फिरवत होती, तो पंपानं ग्रीस भरत होता. आधी जुनं, काळं, वाळूसारखं करकरणारं बाहेर आलं, मग नवं, मऊ. गाडी खाली घेतली. चाकं वळली, अगदी मुकाट्यानं.

"तुमच्या मामांनी माझी पत्रिका मागितलीय. मी नाही म्हणून सांगणार आहे," तो म्हणाला.

"थांबा. आधी पंकजाला मी सांगते. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी दारासुरमला, मागच्या खोलीत, शेजारच्या विणकरांच्या मागांची खटखट ऐकत गोदानं सगळं सांगितलं. डाव्या चाकाचंही. पंकजा पदराचा काठ बोटाला गुंडाळू लागली.

"ते हसायचे ना, ते हसू मला माझ्यासाठी वाटायचं," ती म्हणाली. डोळे भरले होते. "तू माझ्या मागंच बसली होतीस अक्का. एकदा तरी बोलायचंस..."

"भीती वाटली. तुझ्यापुढं मी कोण?"

"वेडी आहेस." पंकजानं तोंड फिरवलं. "आज जा. दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस. मग मीच येईन."

गोदा बाहेर आली. चंद्रमौली मामांना गाडी परत देऊन रस्त्यावर थांबला होता. तिचे लाल डोळे बघून तो नुसता शेजारून चालू लागला.

वळणावर तो म्हणाला, "उद्या सकाळी येऊ? तुमच्या वडिलांशी बोलायला?"

"उद्या नको. आत्ताच चला."

"एवढी घाई?"

"रात्रभर मग मी पुन्हा कुणाचा तरी मत्सर करत बसेन."

"आता आणखी कुणाचा?"

"ते मी शोधीन," गोदा म्हणाली आणि त्याच्या पुढं निघाली.