डोंगराचा उपास

“चंद्र दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही हं, मालू.” आईचं हे सांगणं डॉ. मालिनी आठल्ये यांनी कधी मोडलं नव्हतं. पावसाळ्यातल्या संकष्टीला ढगांमुळे आईला चंद्र दिसत नसे आणि ती तशीच उपाशी निजे. ‘ढगवळण’ यंत्राची कल्पना मालिनीबाईंना त्यातूनच सुचली. घाटमाथ्यावरच्या प्रयोगशाळेतून ध्वनिलहरी सोडायच्या आणि एका संध्याकाळपुरते ढग समुद्राकडे वळवायचे, एवढंच.

आज श्रावणातली संकष्टी. दुपारीच त्या यंत्राशी आल्या, तर सहकारी डॉ. निरंजन सावे वाटेत उभे.

“ताई, कळ दाबू नका. उपयोग नाही.”

“का? बिघडलंय?”

“मागच्या संकष्टीलाही बिघडलेलंच होतं. तुमच्या बाप्पाच्या वाहनानं केबल कुरतडली होती. तुम्ही कळ दाबलीत तेव्हा यंत्राला वीजच नव्हती.”

“काहीतरीच! चंद्र लख्ख दिसला. ‘ताई, मोदक वाढा’ म्हणून तुम्हीच मागे लागला होतात.”

“दिसला. यंत्राशिवाय दिसला.”

मालिनीबाई खुर्चीत टेकल्या. “असेल एखादा कोरडा दिवस. हवा बदलतेच.”

“एकच दिवस असता तर मीही हवाच म्हटलं असतं. संकष्टीपासून सुरुवात केली आपण. मग जत्रा आल्या, लग्नं आली, सभा आल्या. रोज कुणाला तरी मोकळी संध्याकाळ हवी. पलीकडचं रान त्या संध्याकाळच्या पावसावर जगायचं आणि त्याच्याच पानांतून सुटलेल्या बाष्पाचे पुन्हा ढग व्हायचे. रान वाळलं, ताई. आता वळवायला ढगच नाहीत.”

तेवढ्यात पडदा उजळला. डोंगरापलीकडच्या पाणतळी गावातल्या मुलांचा तास होता. दर आठवड्याला मालिनीबाई त्यांना विज्ञान शिकवत. आजचा धडा नेमका हवा आणि हवामान.

त्यांनी आवाज सावरला. “एक दिवस जेवलो नाही तर उपास. रोजच जेवायला मिळालं नाही तर?”

“उपासमार!” मुलं ओरडली.

“हवा ही त्या एका दिवसासारखी. वर्षानुवर्षं जे घडत राहतं, ते हवामान.”

सुगंधा नावाची मुलगी उभी राहिली. “बाई, आमचा झरा आटलाय. आई पाण्याला पार घाट उतरून जाते. ही हवा का हवामान?”

मालिनीबाई म्हणाल्या, “हवामान.”

“मग ते कुणी बदललं?”

निरंजन खाली पाहू लागले.

“सांगा ना, बाई. उपासाच्या दिवशी खोटं बोलत नाहीत.”

“खोटं नाही सांगणार गं. पण हे असं पडद्यावरून सांगायचं नाही. मी येते, आजच. आईलाही थांबायला सांग.”

“नक्की?”

“नक्की.”

पडदा विझला. निरंजन म्हणाले, “माणसं चिडतील, ताई. आधी कळवून बघू.”

“चिडू देत. त्यांचा हक्कच आहे तो.”

फाटकावरच्या रखवालदारानं छत्री पुढे केली. “श्रावण आहे, बाई. असू द्या जवळ.”

मालिनीबाईंनी एकदा वर पाहिलं. “राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या आणि पाणतळीच्या पायवाटेला लागल्या.