टाकीचा स्वच्छ तळ

"माझं पोर फरशीवरनं घसरून मेलं म्हणत्यात, बाई. आहुप्याच्या ओल्या कातळावर अनवाणी पळणारं पोर त्ये. सपाट फरशीवर घसरंल व्हय?"

सखूबाई खुर्चीच्या कडेला बसली होती. मंचरच्या त्या छोट्या कचेरीत पंखा गरगरत होता, तरी वैशाखाचा उकाडा हटत नव्हता. समोर अक्षदा लोहकरे शांतपणे ऐकत होती. कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी सोडून ती खासगी तपासाची कामं घेऊ लागली होती. दाराशी गेणभाऊ उभे होते. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गेणभाऊ आता तिची जीप चालवत, आणि तिच्या डोक्यात काय शिजतंय याचा अंदाज घेत. तो बहुधा चुकायचा.

"ऋषी शिनोलीच्या केंद्रात कामाला होता ना?"

"व्हय. डोंगर खचायच्या आधी वाडीत भोंगा वाजवायचं काम. पर गेल्या पावसात आमच्या वाडीवर दरड आली, तवा भोंगा वाजलाच न्हाई. जानकू आन् अंबाबाई गाडली गेली. तवापासनं पोराला चैन नव्हतं."

"दवाखान्यात कोण होतं?"

"बाळासाहेब, त्येचे सायेब. आठ दिस झालं. दुपारी पोर पडलं, सांजच्याला मी पोचले. त्येंनीच मला सावरलं. पोराच्या तोंडावर पाणी मारून मारून त्येंची बाही अजून ओलीच व्हती. लई भला माणूस."

ती गेल्यावर गेणभाऊ हळूच म्हणाले, "आईचं मन हाय, बाई. यंत्रांच्या खोलीत फरशीवर तेल सांडलं व्हतं, पाय घसरून डोकं टाकीच्या कडेवर आपटलं, असं पंचनाम्यात हाय."

"जखम अर्धगोल आहे, असं शवविच्छेदनात आहे," अक्षदा म्हणाली. "जीप काढा."

केंद्र म्हणजे शिनोलीच्या रस्त्यालगतची एक दगडी इमारत. फाटकावर पप्पू नावाचा रखवालदार होता. यंत्रांच्या खोलीच्या दाराशी त्यानं गेणभाऊंच्या हातातली बाटली काढून घेतली.

"पाणी आत न्यायचं नाय, भाऊ. थेंबभर बी नाय. आन् भायेर जाताना झडती द्यावी लागंल, सायेब असूद्या नायतर झाडूवाली."

"ऋषी गेला त्या दिवशीही झडती घेतलीस?" अक्षदानं विचारलं.

"समद्यांची. कुणाकडं काय नव्हतं. पर खोटं कशाला बोलू, त्याआधी जरा झाडाखाली डोळा लागला व्हता. आत कोण गेलं, कोण आलं, नाय सांगता यायचं."

आत गेणभाऊंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. एवढी यंत्रं, पण आवाज नाही. मोठ्या पेटीएवढी एक टाकी, तिच्यात काठोकाठ नितळ द्रव आणि त्यात बुडालेले, डोंगराच्या हालचालींचा हिशोब ठेवणारे सर्व्हर. त्यांचे हिरवे दिवे पाण्याखालच्या काजव्यांसारखे लुकलुकत होते. टाकीची कड सरळ होती आणि तिच्यावर जाड रबर बसवलेलं होतं.

"मशिनी पाण्यात?" गेणभाऊ दचकले.

"पाणी नाही, तेलासारखा द्रव आहे," प्रतिभा म्हणाली. ती इथली इंजिनिअर. डोळे रडून सुजलेले. "यातून वीज वाहत नाही, पण उष्णता हा ओढून घेतो. इथं धूळ फार. पंखे लावले की तीच आत ओढली जाते. म्हणून यंत्रंच बुडवून ठेवतो."

टेबलावर लाकडी स्टँड होता. त्याला तीन गोल खाचा. दोन खाचांत काचेचे जार, सगळ्यांत मोठी खाच रिकामी.

"यात द्रव काढून उजेडाला धरतो. गढूळ झाला की बदलायचा." प्रतिभानं एका जारमध्ये द्रव भरून काचेची कांडी सोडली. गेणभाऊंनी डोळे चोळले. कांडी द्रवाच्या पातळीवरच मोडल्यासारखी दिसत होती, खालचा भाग नव्हताच.

"मोठा जार कुठाय?" अक्षदानं विचारलं.

"फुटला असेल. ऋषी गेल्यापासून मी पाहिलेला नाही."

"ऋषीशी तुमचं भांडण झालं होतं?"

प्रतिभाची मान खाली गेली. "भोंग्याची जोडणी माझ्याकडं आहे. भोंगा बिघडला नव्हता, कुणीतरी बंद केला होता, असं तो म्हणायचा. माझ्यावर संशय घेतला त्यानं. त्या दुपारी मी मागं जनरेटरपाशी होते, पण एकटीच."

मग बाळासाहेब भेटले. पांढरा सदरा, खोल गेलेला आवाज. "मी माझ्या खोलीत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून धावलो. तोंडावर पाणी मारलं, पण तो हलला नाही. टाकीला मी हातही लावला नाही."

अक्षदा बराच वेळ टाकीत डोकावून पाहत राहिली. "गेणभाऊ, काय दिसतंय?"

"मशिनी. आन् खाली स्वच्छ तळ. बाकी काय नाय."

परतताना गेणभाऊंनी निकाल दिला. "प्रतिभाबाईच. भांडणाचं बोलताना नजर चोरत व्हती."

"रडणारा माणूस नजर चोरतोच," अक्षदा म्हणाली आणि तिनं घोडेगावच्या फौजदारांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्याच खोलीत जमले. फौजदार दाराशी उभे होते, सखूबाई भिंतीला टेकून.

"ऋषी टाकीवर आपटला नाही," अक्षदानं सुरुवात केली. "टाकीची कड सरळ, जखम अर्धगोल. म्हणजे गोल बुडाच्या जड वस्तूनं मारलं. मोठा जार नाहीसा आहे. फुटला म्हणावं तर काचेचा कण नाही. बाहेर नेला म्हणावं तर झडती झाली. मग तो इथंच असला पाहिजे."

तिनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि टाकीच्या कोपऱ्यात हात घातला. गेणभाऊ पाहत होते. तिची बोटं कशाभोवती तरी वळली, पण बोटांत काहीच नव्हतं. हात वर आला, द्रव निथळला, आणि त्या रिकाम्या मुठीत जाड काचेचा जार उभा राहिला. बुडाच्या खोबणीत रक्ताचा तपकिरी डाग होता.

"या द्रवातून आणि या काचेतून उजेड सारखाच जातो. म्हणून आत बुडालेली काच दिसत नाही. काल कांडीचं तेच झालं, गेणभाऊ. आता हात घालणारा कोण? या द्रवानं भिजलेलं कापड पाण्यासारखं सुकत नाही. दुपारी पाणी मारताना भिजलेली बाही वैशाखाच्या उन्हात घटकाभरात सुकते, बाळासाहेब. तुमची संध्याकाळीही ओली होती. शिवाय जिथं थेंबभर पाणी न्यायला बंदी, तिथं तुम्ही पाणी मारत होता?"

बाळासाहेब खुर्चीत बसले.

"दोनदा भोंगा वाजला, दोनदा काही झालं नाही," ते पुटपुटले. "माणसं पोरंबाळं घेऊन पावसात कुडकुडली. शिव्या मी खाल्ल्या. तिसऱ्यांदा यंत्रानं इशारा दिला, तेव्हा मी भोंगा बंद केला. ऋषीला ते कळलं. म्हणाला, वाडीत येऊन सांगा. त्या माणसांसमोर उभं राहायचं... माझा हात कधी उठला, मला कळलंच नाही."

सखूबाई पुढं आली. गेणभाऊंना वाटलं, आता ही झडप घालणार.

"मी तुमच्या खांद्यावर रडले," ती एवढंच म्हणाली.

फौजदार बाळासाहेबांना घेऊन गेले. जीपची किल्ली काढून गेणभाऊ थांबले, पण सखूबाई हलेना. ती प्रतिभाकडं वळली.

"पोरी, आमच्या वाडीचा भोंगा आता चालू हाय का?"

प्रतिभानं खुर्ची ओढून संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "नाही, मावशी. अजून बंदच आहे. करते."

"कर. आन् वाजवून बघ."

सखूबाईनं कनवटीचा मोबाईल काढून शेजारणीला लावला. "बायडाबाय, मी सखू. वाईच अंगणात ये. ऐक." पलीकडून आधी कोंबड्यांचा कालवा आला. मग दूर डोंगरात भोंगा उठला, चढत गेला, आणि माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या.

"आगं, खरा न्हाई, घाबरू नगंस," सखूबाई म्हणाली. "पर समदी भायेर पडली का? म्हातारी-कोतारी, पोरं, समदी? मोज बरं. मी थांबते."