आप्पांचं घोंगडं

मंगळवारी आणि पौर्णिमेला तुळजापुरात गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून आईकडं तामलवाडीला जायचं ते रविवारी. रविवारीही गर्दी असतेच, पण निदान कुणाच्या तरी परडीतल्या नारळावर न बसता उभं राहता येतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. धनगराची पोर असून मला मेंढरांचा वास सोसत नाही, यावरून माझा धाकटा भाऊ बालाजी मला आयुष्यभर चिडवत आला. मी दारात दिसले की तो मेंढरांकडं वळून म्हणायचा, "अक्का आली रे, धूप जाळा!"

बालाजी पस्तिशीचा. गेल्या वर्षापर्यंत त्याला साधं पडसं ठाऊक नव्हतं. मग हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, बरा झाला, पुन्हा झाला. कान वाहू लागले. अंगावरचा सदरा काठीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. गावानं देवीपासून करणीपर्यंत सगळं सुचवलं. मी सगळ्यांना हातपाय धुवायला लावलं आणि त्याला सोलापूरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रोगाशी लढणारी प्रथिनं त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हतीच. "हा दोष जन्मापासून असतो, पण काही जणांत तिशी-चाळिशीत उघडा पडतो. घरात कुणाला असं झालं होतं?"

"माझे दोगं भाव," आई म्हणाली. "चाळिशीच्या आत-भाईर खोकून खोकून गेले."

"आणि यांचे वडील?"

"त्येंच्यावर ईज पडली. तवर त्येंला कदी शिंकसुदीक आल्याली म्या बगितली न्हाय."

"मग हे तुमच्याकडून आलं असावं," बाई सहज म्हणाल्या. परतीच्या गाडीत आई बालाजीपासून लांबच्या बाकावर जाऊन बसली.

उपचार होता. हजारो निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं दर महिन्याला सलाईनमधून द्यायची, जन्मभर. मी बालाजीला समजावलं, ही उसनी राखण आहे. तो हसला. "म्हंजी हजार माणसं माज्यात राखणीला बसणार? त्येंच्या भाकरीचं तू बघ, अक्का." मला माझा भाऊ जिवंत हवा होता. त्याच्यासाठी मी हजार काय, लाख माणसांच्या भाकरी थापल्या असत्या.

पहिल्या सलाईननंतर चेहऱ्यावर तजेला आला. पण मेंढरं त्याच्यापासून पळायला लागली.

हे मी स्वतः पाहिलं. त्यानं आवाज दिला की कळप आधी थबकायचा, माना वर करायचा आणि मग सगळाच्या सगळा दुसऱ्या टोकाला जाऊन एकमेकांच्या अंगात घुसायचा. लांडग्याला पाहून करतात तसं. मी म्हटलं, दवाखान्याचा वास असेल, साबण बदल. साबण बदलला. दुसरी सलाईन झाली, मेंढरं आणखी लांब गेली. चुलतभाऊ बंडप्पा त्यांना चरायला नेऊ लागला आणि बालाजी ओट्यावर बसून राहिला. ताट तसंच परत जायचं.

"मेंढरं खोटं बोलत न्हायती, अक्का," तो म्हणाला. "त्येंला मी दिसंना झालोय."

"खुळ्यासारखं बोलू नको," मी म्हटलं, पण घरी जाताना जीव थाऱ्यावर नव्हता.

आमच्यात एक पद्धत आहे. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं पोरकं कोकरू असलं, तर मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधायचं. मेंढी हुंगते आणि आपलंच समजून पाजते. दोन-तीन दिवसांत तिच्या दुधाचा वास कोकराच्या अंगाला लागतो, मग कातडं काढून टाकायचं. ते वेळेवरच काढावं लागतं. राहिलं तर आतलं कोकरू हाती लागत नाही, असं आई म्हणायची. कातडं कुजून किडे पडत असतील, असा अर्थ मी लावला होता.

पुढच्या रविवारी गेले तर बालाजीच्या अंगावर आप्पांचं घोंगडं. आप्पांवर वीज पडली त्या दिवशी ते घरी राहिलं होतं. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि बालाजी रांगत होता. आईनं ते इतकी वर्षं पेटीत ठेवलं होतं. मी आईवर तोंड सोडलं. बुरशीचा एक कणही त्याला पुरेसा आहे, धूळ टाळा म्हणून डॉक्टरीणबाईंनी हजारदा बजावलंय, तुला काही कळतं का?

आई शांतपणे म्हणाली, "माज्या म्हायेरचा वास घालवायचाय मला त्येच्या अंगावरचा."

तेवढ्यात कळप परत आला. बालाजी उठला. पुढची मेंढी थांबली, घोंगड्याच्या टोकाला नाक लावलं आणि त्याच्या गुडघ्याला डोकं घासू लागली. मागून सगळी आली. बालाजी त्यांच्यात कमरेइतका बुडून लहान पोरासारखा हसत होता. कितीतरी महिन्यांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. 

"दोन-तीन दिवसांनी काढ मात्र," मी आईला म्हटलं.

"व्हय. काडती."

मग शाळेच्या परीक्षा आल्या आणि दोन रविवार चुकले. फोनवर आई सांगायची, खोकला गेला, कान सुकले, भाकरी खातोय. तिसऱ्या रविवारी मी गेले. तो कडुनिंबाखाली पाठमोरा बसून सूत कातत होता. अंगावर नुसती बंडी. पाठ भरली होती. पाचोळ्यावर माझी चप्पल वाजली.

"दैवे," तो मान न वळवता म्हणाला, "साळा सुटली व्हय?"

दैवशाला हे माझं नाव. बालाजीनं मला जन्मात कधी अक्काशिवाय हाक मारली नव्हती. दैवे म्हणणारं एकच माणूस होतं.

"सुटली, आप्पा," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. भीती नंतर आली, चुलीपुढं बसलेल्या आईचं तोंड पाहिल्यावर.

"घोंगडं कधी काढलंस?"

आई राखेवर रेघा ओढत राहिली. "काडलं. पर उशीर झाला, बाय. त्यो लई हसत हुता. मला आज-उद्या, आज-उद्या झालं."

मी तिला उलटून बोलले. आजारातून उठलेलं माणूस जरा वेगळं वागतंच, असं स्वतःलाही बजावलं. पण बसायला जमेना. मी उगीच घरात-अंगणात फिरत राहिले. बाहेर तो मेंढरांना नावानं हाका मारत होता, चांदे, मोरे, बांडे. त्या नावाच्या मेंढ्या आप्पांच्या वेळी होत्या, आमच्या कळपात आता नाहीत. तरी कळपातल्या तीन मेंढ्या मान वर करून त्याच्याकडं आल्या.

सलाईनची तारीख आली तसं मी त्याला ओढतच सोलापूरला नेलं. आधी रक्त तपासायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

"सगळी प्रथिनं भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "सलाईनमुळं इतकी वाढत नाहीत. ही यांची स्वतःची आहेत." त्यांनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. "हा दोष असा जात नसतो. अजून एकदा रक्त घेते."

नर्सनं त्याची बाही वर सरकवली.

दंडाच्या खाली दोन मोठे, गोल, चुरगळलेल्या कातडीचे वण होते.

ते वण मी ओळखते. दरवर्षी वर्गात पोरांना सांगते, घरी जाऊन आजीचा हात बघा, देवीची लस टोचल्याची खूण दिसेल. आईच्या हातावर आहेत. माझ्या हातावर नाहीत. देवीचा रोग संपला आणि ती लस बंद झाली, ती माझ्याही जन्माच्या आधी.

"हे कधी टोचलं?" मी विचारलं.

"ल्हानपनी. चावडीत आलते टोचायला." तो जरा लाजल्यासारखा हसला. "लई रडलो हुतो."

सलाईनची गरज नाही, असं बाईंनी सांगितलं. मी मान हलवली. माणूस ठणठणीत बरा झाला, असं ऐकून कुणी रडत नाही, म्हणून मीही रडले नाही.

गाडीत तो खिडकीपाशी बसला. गाव जवळ आलं तसं मी हळूच विचारलं, "बालाजी कुठंय?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"निजलंय. उटवू नगंस."

पितृपंधरवड्यात आप्पांची तिथी आली. आईनं दरवर्षीसारखा स्वयंपाक केला, पान वाढलं आणि मी ते पत्र्यावर नेऊन ठेवलं. कडुनिंबावर कावळे होते. एकही खाली उतरला नाही.

ऊन चढलं. भात सुकला. आई अंगणात उभी राहून वर पाहत होती. मी म्हटलं, "कावळ्यांचं काय धरून बसतीस? त्यांना दुसरीकडं मिळालं असेल." माझं बोलणं मलाच खोटं वाटलं.

आई आत गेली. बराच वेळ धपाटे थापल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या ताटलीत धपाटे होते, वर दह्याचा गोळा आणि बाजूला फोडलेला कांदा. बालाजी दुसरं काही मागत नसे.

"आई, नको," मी म्हटलं.

तिनं ऐकलं नाही. शिडी चढून ताटली पत्र्यावर ठेवली. तिचा हात बाजूला व्हायच्या आत कावळा उतरला.

आई शिडीवरच बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

ओट्यावर तो सूत कातत होता. त्यानं चाती थांबवली नाही, वरही पाहिलं नाही.

"जेवलं का पोरगं?" त्यानं विचारलं.