वाढलेले दहा किलोमीटर

डब्यातून तीन तारा निघाल्या होत्या. एक बॅटरीला जोडलेली होती, म्हणून त्याचा हिरवा दिवा ऐटीत लुकलुकत होता. उरलेल्या दोन पत्र्यामागे गुंडाळून ठेवल्या होत्या. इंजिनापर्यंत एकही पोचत नव्हती.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाईंनी ट्रकच्या बॉनेटखालून मान बाहेर काढली.

"मिस्त्री, हा डबा कुणी बसवला?"

"मी."

"आणि तारा कुणी सोडवल्या?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

चार दिवसांपूर्वी उतारावर या ट्रकच्या मागच्या डाव्या जोडीतले दोन्ही टायर फुटले. ट्रक बाजूला फेकला गेला आणि नाक्याच्या चौकीवर आदळला. चौकीचा पहारेकरी जागच्या जागी गेला. ड्रायव्हर पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता. पोलिसांचा हिशेब सरळ होता: ड्रायव्हरनं हौसेनं इंजिनाची ताकद वाढवणारा हा पॉवरचा डबा लावून घेतला आणि गाडी पळवली. तिथे मर्यादा पन्नासची, आणि त्यानं स्वतःच जबाबात सांगितलं होतं, काटा बावन्नवर होता.

सारे ड्रायव्हर ज्याला गोगलगाय म्हणत, त्याच्यावर उद्या बेदरकारपणे माणूस मारल्याचा गुन्हा लागणार होता.

"बसवला त्याच दिवशी इंजिन ठोके द्यायला लागलं," मिस्त्री अखेर म्हणाला. "तारा सोडवल्या. दिवा तेवढा ठेवला. मालक रोज येऊन दिवा बघतात."

"म्हणजे डबा पहिल्या दिवसापासून मेलेला?"

"मेलेला. पण मॅडम, गाडी खरंच सुधारली हो. चढावर हलकी ओढायला लागली. मला वाटलं, दिवा बघूनच इंजिनाला धीर येत असेल."

बाई हसल्या नाहीत. त्या चार पावलं मागे सरकल्या. ट्रक उजवीकडे किंचित कलला होता.

"स्प्रिंग बसली?"

"दोन्ही बाजूंच्या ठणठणीत आहेत. मीही तेच बघितलं."

"डावी चाकं कुणी घातली?"

"गाडी ओढून आणणाऱ्यांनी. आपल्याच दुसऱ्या ट्रकची काढून."

बाईंनी पर्समधून सुतळी काढली. आधी उजव्या चाकाला गुंडाळली, मग डाव्या. दोन्हीकडे गाठ मारली, दोन आकडे वहीत लिहिले आणि वही मिटली.

मालक ऑफिसात वाटच बघत होता. डब्याचा विषय निघताच त्याची खुर्ची पुढे सरकली.

"लोक म्हणतात, असल्या स्वस्त वस्तूंनी काही होत नाही. दोन बोल्ट आवळले की काम झालं, म्हणून विश्वास बसत नाही त्यांचा. मेहुण्यानं आणून दाखवला तेव्हा मीही हसलो होतो. आता हे बघा. लिटरला साडेचार किलोमीटर द्यायची गाडी, डबा बसवल्यापासून पावणेपाचच्या घरात."

बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. मालकाचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. त्यांचं बोट दोन रकाने अलीकडे थांबलं. रोजची फेरी: दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे बारा. डबा बसवल्याच्या दिवसापासून: दोनशे बावीस, दोनशे बावीस. डिझेल दोन्हीकडे सत्तेचाळीस लिटर.

"ड्रायव्हर रस्ता बदलतो का?"

"गोदाम ते कारखाना आणि परत. दुसरा रस्ता नाही. असेल कुठे वळसा घातलेला." मालकानं हात झटकला. "सरासरी बघा ना, सरासरी."

मालकाचा मेहुणा स्टोअर सांभाळत होता. मालकाच्या मुलांचा मामा, म्हणून साऱ्या गॅरेजचाच मामा. तो बाईंना चहा घ्यायचा आग्रह करत होता.

"टायर कुणाकडे असतात?"

"माझ्याकडेच, ताई. मिस्त्रींचं फक्त इंजिन."

"मागचे शेवटचे कधी बदलले?"

"डब्याच्या आधी महिनाभर. झाले दोन महिने. चारही नवे कोरे."

"फुटलेले दोन बघायचे आहेत."

"भंगारवाल्यानं नेले. चिंध्या झाल्या होत्या."

"कोऱ्या टायरच्या दोन महिन्यांत चिंध्या?"

"वेग, ताई. वेगापुढे टायर तरी काय करणार? या ड्रायव्हरनं डब्यासाठी माझ्यामागे नुसता धोशा लावला होता. शेवटी मी भावोजींच्या कानावर घातलं."

हॉस्पिटलात ड्रायव्हरचा पाय वजनाला टांगला होता. शेजारी त्याची बायको बसली होती.

"डबा तुम्ही मागितलात?"

"मी? मला आधी होती तशीच बरी होती."

"कुठे वळसा घालत होतात?"

"नाही."

"बावन्नचं सांगायची गरज होती का?"

"तेच मी म्हणते, बाई," बायको मध्येच म्हणाली. "पन्नास म्हटलं असतं, तर कोण बघायला गेलं होतं? तुरुंगात कोण जाणार, ते वरचे दोन किलोमीटर?"

"काटा बावन्नवरच होता," ड्रायव्हर छताकडे बघत म्हणाला.

दुपारी ऑफिसात मालक, मामा आणि मिस्त्री समोरासमोर बसले. बाईंनी पोलिसांच्या हवालदारालाही बोलावून घेतलं होतं. तो दाराशी उभा होता.

"डबा काहीच करत नव्हता," बाईंनी सुरुवात केली. "जोडलेलाच नव्हता."

मालकानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं जमिनीकडे.

"तरी गाडी बदलली, हे खरं. चढावर हलकी झाली. मग बदललं काय? मालक, तुमची फेरी एका दिवसात दहा किलोमीटरनं लांबली. ड्रायव्हर वळसा घालत नाही आणि डिझेल थेंबानंही वाढलं नाही. रस्ता काही ताणला जात नाही. पण मीटर रस्ता मोजतच नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक लहान झालं की त्याच रस्त्याला फेऱ्या जास्त. मीटर वाढतो, सरासरी सुधारते आणि चढावर ओढही हलकी लागते."

त्यांनी वही उघडली.

"डाव्या बाजूला आता दुसऱ्या ट्रकची चाकं आहेत, तुमच्या नेहमीच्या मापाची. घेर तीनशे वीस सेंटिमीटर. उजवीकडे जुनीच आहेत. घेर तीनशे पाच. म्हणून गाडी कलली आहे. उजव्या टायरवरचा मापाचा नंबर कानशीनं घासून काढलाय. ते कोरेही नाहीत. जुन्या टायरवर वरून नवं रबर चढवलंय."

"मला फसवलं असेल दुकानदारानं," मामा म्हणाला.

"महिनाभर आधी?"

"हो, तेव्हाच."

"रजिस्टरमध्ये तो अख्खा महिना दोनशे बाराच लिहिलेत. चाकं लहान झाली ती डबा बसला त्या दिवशी. कोरे टायर तुम्ही बाहेर विकलेत आणि मिळाले ते चढवलेत. गाडीची चाल बदलणार, कुणीतरी विचारणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून त्याच दिवशी डबा आणलात. काहीही वेगळं वाटलं की सगळे डब्याकडे बोट दाखवणार. ड्रायव्हरनं धोशा लावला म्हणालात, पण तो म्हणतो, मागितलाच नाही. टायर फुटले, तेव्हाही तुम्ही सगळ्यांना डबाच दाखवलात."

मामानं मालकाकडे पाहिलं. "भावोजी, इतकं होईल असं नव्हतं वाटलं हो. चालले असते अजून वर्षभर."

"आम्हा सगळ्यांनाच मामा बनवलंत की," मिस्त्री हळूच म्हणाला. 

मालक रजिस्टरवर हात ठेवून बसला होता. "घरी हिला काय सांगू?" त्यानं विचारलं. विचारलं कुणाला, ते कळलं नाही. मग त्यानंच हवालदाराला आत बोलावलं आणि मामापर्यंतच्या वाटेतली खुर्ची बाजूला केली.

संध्याकाळी बाई पुन्हा हॉस्पिटलात गेल्या.

"वेगाचा काटाही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतो," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "काटा बावन्न दाखवत होता, तेव्हा खरा वेग साडेएकोणपन्नास होता. मी तसं लिहून दिलंय. बेदरकारीचा गुन्हा आता तुमच्यावर लागत नाही."

बायकोनं पदर तोंडाशी धरला आणि पलंगाच्या दांड्यावर कपाळ टेकलं.



"त्या पहारेकऱ्याच्या घरी साडेएकोणपन्नास सांगणार का?" ड्रायव्हरनं विचारलं.

बाईंनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"मग अजून एक लिहा," ड्रायव्हर म्हणाला. "तो पहारेकरी चौकीत आत बसला होता. माझी गाडी ओळखून, मला थांबायला लागू नये म्हणून फाटक उघडायला उठून दारात आला, आणि गाडी दारावरच आदळली. उठला नसता तर वाचला असता. पोलिसांनी विचारलं नाही म्हणून राहून गेलं."

बाईंनी वही पुन्हा उघडली आणि त्याला ते सावकाश सांगायला लावलं.