एक पाऊल लांब, एक आखूड

"थांबा... तसंच परत चाला ना जरा."

जिन्यापाशी वळून पाहिलं, तर माईक घेतलेला एक अनोळखी माणूस, आणि त्याची नजर थेट माझ्या पायांवर. माझा डावा पाय जन्मापासून आखूड. लोक बघून न बघितल्यासारखं करतात, त्याची मला सवय आहे. पण परत चालून दाखवा म्हणणारा हा पहिलाच. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग कळलं, की हा आमच्याच स्टुडिओतला नवा ध्वनीवाला. मुलांसाठी आम्ही एक भुताखेतांचा ॲनिमेशनपट करत होतो. मी त्यातले पडके महाल रंगवायचे, हा पावलांचे, दारांचे आवाज तयार करायचा. त्यातली चिमुरडी नायिका लंगडते आणि भुतं तिला चालीवरून ओळखतात. याने स्वतः लंगडून, बुटात खडे घालून, सगळं करून पाहिलं होतं. "खोटं वाटतं हो," तो म्हणाला. इतका रडवेला चेहरा करून म्हणाला, की मी हो म्हणून बसले.

रोज दुपारी मी त्याच्या खोलीत चालायचे... लाकडावर, वाळूवर, ओल्या फरशीवर. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी खुशाल त्याच्याकडे बघून घ्यायचे. नंतर आठवणीने बिनसाखरेचा चहा आणायचा. हे सगळं माझ्यासाठी, की माझ्या पायासाठी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. ताईला विचारलं, तर म्हणाली, "अगं, पाय काय एकटा येतो का तुला घरी ठेवून?" आणि हसत सुटली.

शेवटच्या प्रसंगात भुतांचा राजा खूश होऊन मुलीचा पाय बरा करणार होता. दिग्दर्शिकाबाईंनी ध्वनीवाल्याकडे सरळ पावलांचा आवाज मागितला. मी तडक बाईंकडे गेले.

"असा पाय असलेलं पोर सिनेमा बघून घरी जाईल," मी म्हटलं, "त्याने कुठला राजा शोधायचा?"

बाईंनी तो प्रसंग काढून पुन्हा एकदा पाहिला. मग त्यांनी पाय होता तसाच ठेवला. मुलगी आपल्याच चालीने घरी गेली. आणि तो शेवट रेकॉर्ड झाला, तसं माझं त्या खोलीतलं कामही संपलं. जिंकले कशाला, असंच वाटायला लागलं.

पुढे काही दिवस मी त्याच्या दारावरून चोरपावलांनी जायचे. एका दुपारी दार उघडलंच.

"एखादा आवाज राहिला का?" मी विचारलं.

"नाही, सगळे झाले." त्याने खुर्ची पुढे केली. "बसा. आज चालायचं नाही."

"मग मी कशाला हवी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मला शांतता फार आवडायची... तुम्ही यायच्या बंद झालात, तेव्हापासून नाही आवडत."

मी बसले. त्याने गडबडीत माझ्या चहात दोन चमचे साखर घातली आणि मीही तो तसाच पिऊन टाकला. मला तो आवडत होता, फार आवडत होता. आणि आता गोंधळलेली मी एकटीच नव्हते.